बाईंच्या ज्येष्ठमधाची डबी

मित्रांनो, माझं झाकण उघडायचं असेल तर नुसता अंगठा लावून भागणार नाही, मनगटाचा जोर लावावा लागेल. ते पहिल्यापासून अडतं. आणि एवढं करून आत काहीच दिसलं नाही तर हिरमुसू नका. आता माझ्यात काही नसतंच. मुठीत मावेल एवढी, पितळेची, बुडाला पोचा आलेली अशी मी डबी. ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, खासगी बाजारातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथल्या कपाटावर माझा मुक्काम असतो. साठ वर्षं मी ज्येष्ठमध सांभाळला. गाणाऱ्यांचे घसे जपणारी म्हणून माझं नाव होतं. आणि मग एक घसा माझ्या डोळ्यांदेखत बिघडला. त्यात माझा दोष किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कपाटावर बसून मी तोच विचार करते. तुम्ही ऐका, आणि तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत झाला. तुकोजी नावाचे एक तांबट होते, त्यांनी मला ठोकून घडवलं. विजयाबाई म्हणून गाण्याच्या एक शिक्षिका होत्या, त्यांनी मला सांगून करून घेतलं होतं. त्यांची अट एकच. "झाकण उघडताना आवाज होता कामा नये. पोर सुरात असताना डबी खणकली की सूर तुटतो." तुकोजींनी बाईंचं म्हणणं जरा जास्तच मनावर घेतलं आणि झाकण असं घट्ट बसवलं की आवाज तर होईना, पण ते उघडेनाही! विजयाबाई आधी चिडल्या, मग हसल्या. म्हणाल्या, "राहू दे. निदान मुंग्या तरी शिरणार नाहीत."

विजयाबाईंची एक रीत होती. त्या कधी कुणाला 'शाबास' म्हणत नसत. एखाद्या मुलीने अवघड जागा नीट घेतली की त्या मला उघडत, ज्येष्ठमधाची एक काडी काढत, दाढेखाली धरून तिचे दोन तुकडे करत. एक स्वतःच्या तोंडात, एक त्या मुलीच्या तळहातावर. बस्स. त्या काळच्या घरांत उष्ट्याखरकट्याचं केवढं प्रस्थ! पण गुरूचं उष्टं म्हणजे प्रसाद. तो अर्धा तुकडा मिळावा म्हणून मुली महिना महिना घासत. उषा नावाच्या अकरा वर्षांच्या एका मुलीला तो पहिल्यांदा मिळाला तेव्हा तिने तो खाल्लाच नाही. रुमालात बांधून दोन दिवस उशाशी घेऊन झोपली.

विजयाबाई थकल्या तेव्हा त्यांनी त्याच उषाच्या हातात मला ठेवलं. "तुझ्याकडेही पोरं येतील, त्यांना देत जा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी उषाताईंची झाले.

उषाताई बत्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवत होत्या. संध्याकाळी घरी क्लास असायचा. सगळे त्यांना 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. बाईंचं लग्न राहूनच गेलं. आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आईची दृष्टी गेली, आणि त्या दोघांचं करता करता बाई चाळिशीच्या पलीकडे कधी गेल्या ते त्यांनाही कळलं नाही. पण गाणं होतं, पोरं होती. पोरांची अर्धी पिढी माझ्यातल्या काड्या चघळून मोठी झाली. बाई 'ज्येष्ठमध' म्हणत, पोरं 'मुलेठी' म्हणत. मला दोन्ही चालायचं. "बाईंकडची मुलेठी काही औरच," असं पोरांच्या आया म्हणायच्या तेव्हा मी मनातल्या मनात चकाकायची. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

क्लास सहाला सुटायचा. जिन्यावरच्या चपला एकेक करून नाहीशा व्हायच्या. मग बाई सतरंजी झटकत, माझं झाकण लावत, आणि म्हणत, "चला, उरलो आपण दोघी." एका माणसाचा भात असतो केवढा! तो शिजेपर्यंत बाई पेटीवर कोपर टेकून बसून राहायच्या. पुण्याचा भाचा राघव दिवाळीला फोन करायचा. एरवी फोन वाजलाच तर तो कुणाच्या तरी आईचा, 'आज ही येणार नाही हं, बाई' असं सांगणारा. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना मी रोज त्या वेळी पाहत होते. मला फार वाईट वाटायचं. पण डबी काय करणार? डबीला बोलता थोडंच येतं!

आणि मग प्रांजली आली.

दहा वर्षांची, नया बाजारात राहणारी. तिला आणून सोडायला तिचे आजोबा महिपतराव येत, आणि क्लास संपेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहत. महिपतरावांचे पूर्वज फौजेत होते, आणि स्वतः महिपतराव सरकारी कचेरीत फायली हलवून निवृत्त झाले असले तरी मिशा मात्र फौजेतल्याच होत्या. प्रांजलीचं मराठी दोन वाक्यं सरळ चालायचं आणि तिसऱ्याला हिंदीत घसरायचं. पण गळा! काय सांगू तुम्हाला. ती गायला लागली की माझं अडलेलं झाकणसुद्धा आपोआप उघडेल की काय असं मला वाटे.

संक्रांत होऊन गेली होती. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, सकाळी धुक्यात समोरचं दुकान दिसत नाही. सगळ्या पोरांची नाकं वाहत होती, प्रांजलीचंही जरासं. त्या संध्याकाळी महिनाभर न येणारी एक तान तिने अशी सरळ घेतली की बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मला उघडलं, काडी तोडली, अर्धा तुकडा प्रांजलीच्या हातावर ठेवला.

प्रांजलीने तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "बाई, तुम्ही तर आमच्यापेक्षा भारी गाता. तुम्हाला कोण देतं?"

पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. "मला द्यायच्या त्या गेल्या गं," म्हणाल्या.

झालं! त्या पोरीने माझ्यातून एक काडी उचलली, आपल्या छोट्या दातांनी कटकट करून तोडली आणि ओला, वेडावाकडा अर्धा तुकडा बाईंपुढे धरला. "घ्या. शाबास!"

महिपतराव खुर्चीतून उठलेच. "अगं ए! गुरूला उष्टं देतेस? अक्कल आहे का काही?"

पण बाईंनी तो तुकडा घेतला होता, तोंडातही टाकला होता. त्यांचे डोळे भरून आले होते. "असू द्या, महिपतराव," त्या म्हणाल्या. "आपल्या तोंडातला घास काढून मला कुणी द्यावा, असं विजयाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच होतंय."

मित्रांनो, माझ्या साठ वर्षांतला तो सगळ्यांत सुखाचा दिवस.

चारेक दिवसांनी बाईंचा घसा दुखायला लागला. थंडीत गाणाऱ्याचा घसा बसायचाच, त्यात नवल ते काय! बाईंनी पोरांना चार दिवस सुट्टी दिली, गरम पाणी प्यायलं, आणि मला जवळ घेतलं. एक काडी. तासाभराने दुसरी. माझा आपला रुबाब: मी असताना कसली काळजी! अंगात थोडी कणकण होती. बाईंनी शाल गुंडाळली आणि पडून राहिल्या. कुणी आलं नाही, कारण सुट्टी होती. कुणी फोन केला नाही, कारण सुट्टी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी आरशासमोर उभं राहून तोंड उघडून पाहिलं. घशाच्या एका बाजूला राखाडी पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. दुसरं कुणी असतं तर दवाखान्यात धावलं असतं. पण ज्याने जन्मभर ज्येष्ठमध चघळला आहे त्याला ठाऊक असतं, की काडीचा चोथा कधी कधी घशात अडकतो. बाई म्हणाल्या, "अडकला वाटतं चोथा." त्यांनी चमच्याच्या दांड्याने तो काढायचा प्रयत्न केला. तो सुटला नाही, रक्त मात्र आलं. "खरवडलं गेलं," बाई म्हणाल्या, आणि खरवडलेल्यावर बरं वाटावं म्हणून त्यांनी माझ्यातली आणखी एक काडी तोंडात टाकली.

तो चोथा नव्हता. मला तरी कुठे कळलं होतं? मी दिमाखात काड्या पुरवत राहिले. आजही ते आठवलं की माझं पितळ काळं पडतं.

पाचव्या दिवशी महिपतराव प्रांजलीला घेऊन आले. सुट्टी संपली ना! जिना चढतानाच प्रांजली थबकली. "आजोबा, ऐका. बाईंचा श्वास वाजतोय." ती धावतच आत आली. बाईंची मान सुजून रुंद झाली होती आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

"बाई, आ करा," प्रांजली म्हणाली आणि तिने आजोबांच्या मोबाइलचा उजेड आत पाडला. मग हळूच म्हणाली, "आजोबा, इनके गले में कुछ चिपका है. पूरा सफेद."

महिपतरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या मिशाच उतरल्या. "आमच्या लहानपणी गल्लीतला एक पोरगा असाच गेला होता. घटसर्प म्हणायचे त्याला. पण छे! तो पोरांना होतो. एवढ्या मोठ्या माणसाला कसा होईल?" तोंडाने हे म्हणत असतानाच त्यांनी रिक्षा बोलावली. बाईंनी जाताना दुसरं काही घेतलं नाही. मी त्यांच्या मुठीत होते, तशीच राहिले.

सरकारी रुग्णालयात बाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं. मला एका पिशवीत घालून खाटेखाली सरकवलं. तो घटसर्पच होता. घशात त्याचं विष तयार होतं आणि रक्तातून हृदयापर्यंत, नसांपर्यंत जातं. त्या विषावरचा उतारा दुसऱ्या गावाहून यायचा होता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर बाईंचा प्रत्येक श्वास मी खाटेखालून मोजला. भेटायला कुणाला परवानगी नव्हती, आणि परवानगी असती तरी कोण येणार होतं, सांगा पाहू!

उतारा लागू पडला. बाई वाचल्या. चारेक दिवसांनी लीलाताई नावाच्या परिचारिका हातात कागद घेऊन खाटेशी बसल्या. फार मायाळू बाई, पण प्रश्न विचारायला लागल्या की पोलीसच.

"लहानपणी टोचलं होतं का, ताई?"

"देवीचं. दंडावर वण आहे." बाईंचा आवाज फाटका येत होता.

"ते वेगळं. घटसर्पाचं?"

"तेव्हा कुठे होतं हो ते आमच्याकडे!"

"शाळेत?"

"शाळेत मीच पोरांच्या रांगा लावत होते. टोचायला येत ना, पाचवीला, दहावीला. मी पोरांचे हात धरायचे."

"मग बाळंतपणात? त्या वेळी बायकांना देतात हल्ली."

बाई खिडकीकडे वळल्या. म्हणाल्या, "लग्न नाही केलं मी."

लीलाताईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही कुठल्याच रांगेत नव्हतात, ताई."

खाटेखाली पिशवीत असूनही ते वाक्य मला लागलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रांगा लावणारी माझी बाई!

मग लीलाताईंनी समजावून सांगितलं, ते मी तुमच्यासाठी नीट लक्षात ठेवलं आहे. बाळ दीड महिन्याचं असल्यापासून त्याला ही लस टोचतात. दीड-दोन वर्षांचं झालं की पुन्हा, पाचव्या वर्षी पुन्हा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. "एकदा टोचलं की जन्माची निश्चिंती, असं लोकांना वाटतं," लीलाताई म्हणाल्या. "पण ही भांड्याची कल्हई आहे, ताई. वापरता वापरता उडते, पुन्हा करावी लागते. मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी टोचून घ्यायला हवं. घेतं कोण? सगळे म्हणतात, हे पोरांचं दुखणं. आता पोरं टोचलेली असतात, आणि आजी-आजोबा उघडे." पितळेच्या डबीला कल्हई वेगळी कशाला समजवायला हवी? मला ते तिथल्या तिथे पटलं.

"तुमच्या क्लासमधल्या सगळ्यांचे घसे तपासले," लीलाताई पुढे म्हणाल्या. "तो सोळा वर्षांचा अंशुल, शाळेत टोचायच्या दिवशी पतंग उडवायला पळाला होता म्हणे. त्याचा कान धरून टोचलं. ती प्रांजली, तिची आई शिखा, शिखाचा धाकटा, सगळे ठणठणीत. शिखाला धाकट्याच्या वेळी टोचलेलं होतं. त्या मिशावाल्या आजोबांना पहिली सुई दिली, केवढे घाबरले हो!" मग त्यांनी कागद उलटला. "फक्त प्रांजलीच्या घशात जंतू निघाले. तिला काही झालं नाही, सगळी टोचणी वेळेवर झालेली आहेत ना. लस विषाला अडवते. पण जंतू घशात बसून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. गोळ्या दिल्या, आता साफ आहे ती."

बाई उठून बसल्या. "तिला सांगितलंत हे?"

"घरातली सगळी मोठमोठ्याने बोलत होती. ऐकलंच तिने. रडत म्हणाली, मीच बाईंना माझी मुलेठी दिली होती. मी म्हटलं, अगं, रोज तासभर समोरासमोर बसून गाता, कशातून गेलं ते कुणाला सांगता येणार? पण पोर ऐकेना."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

महिन्याभराने आम्ही घरी आलो. एक गोष्ट सांगायची राहिली. त्या विषाने जाता जाता बाईंच्या टाळूच्या नसा लुळ्या केल्या होत्या. पाणी प्यायलं तर ते नाकातून यायचं, आणि आवाज, मित्रांनो, बाईंचा तो आवाज नाकात बोलल्यासारखा, गेंगाणा झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सुधारेल. पण किती हळूहळू ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी मला रिकामं केलं, पाण्यात उकळलं, पुसलं आणि कपाटावर ठेवलं. माझ्याखाली त्यांनी एक चिठ्ठी ठेवली. लीलाताईंनी लिहून दिलेली. घटसर्प एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं, तेव्हा टोचून घ्यायला या, अशी. तारीख आली आणि गेली. बाई गेल्या नाहीत.

पोरं येईनाशी झाली. आजार संपला, सगळ्यांचे घसे साफ झाले, पण आयांच्या मनातून भीती जाईना. 'परीक्षा आहेत, बाई.' 'थंडी फार आहे, बाई.' फाल्गुन लागला तरी थंडीच! जिन्यावर चपला नाहीत, सतरंजी गुंडाळलेली, पेटीवर कापड. 'चला, उरलो आपण दोघी' असंही बाई आता म्हणत नसत. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकवत नसे. दूधवाल्याशीही त्या खुणेने बोलत. मी कपाटावर रिकामी आणि त्या खाली रिकाम्या. दिवसच्या दिवस त्या घरात एक शब्द उमटत नसे.

एकदा महिपतराव आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. "उषाताई, तुम्हाला त्रास द्यायला नको होता. पण पोर गात नाही हो. दीड महिना झाला, तोंडातून सूर नाही. म्हणते, मैंने बाई को मार ही दिया था. आम्ही सांगून थकलो. तुम्ही एकदा बोला तिच्याशी, तुमचं ऐकेल."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्या गेंगाण्या आवाजात अडखळत म्हणाल्या, "महिपतराव, हा आवाज ऐकलात ना? तो ऐकल्यावर तर तिची खात्रीच पटेल."

महिपतराव जिना उतरून गेले.

मला तेव्हा इतकं रडावंसं वाटलं! तिकडे नया बाजारात एक पोर तोंड मिटून बसली होती, इकडे खासगी बाजारात माझी बाई. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि मध्ये एक ज्येष्ठमधाची काडी. मला सगळं ठाऊक होतं आणि मला काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं.

आठ दिवस बाई तशाच होत्या. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी पेटीवरचं कापड काढलं. फोन स्टुलावर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला आणि नंबर लावला. शिखाने उचलला. बाई एवढंच म्हणाल्या, "प्रांजली."

फोन कुणाच्या तरी हातात गेला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. बाईंनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. काय बोलणार होत्या? 'मी बरी आहे' असं त्या आवाजात म्हटलं असतं तर ते कुणाला खरं वाटलं असतं? मग त्यांना जे जन्मभर येत होतं तेच त्यांनी केलं. पेटीवर बोट ठेवलं आणि सा लावला. नाकातून आलेला, फाटका सा. मग रे. मग ग लावायला गेल्या आणि तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बाईंच्या तोंडून इतका बेसूर सूर मी कधी ऐकला नव्हता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्यांदा लावला.

फोनमधून बारीक आवाज आला, "बाई, ग उतरतोय."

बाईंचा हात पेटीवर थांबला. "मग लावून दाखव," त्या म्हणाल्या.

आणि मग ग आला. स्वच्छ, सरळ, दीड महिना दडवून ठेवलेला.

बाई हसल्या, रडल्या, दोन्ही एकदमच. मग नाक पुसून म्हणाल्या, "आता नीट ऐक. माझा आवाज गेला तो तुझ्यामुळे नाही. ज्या वयात मी टोचून घ्यायला हवं होतं त्या वयात मी घेतलं नाही. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. तुला तुझ्या सुयांनी वाचवलं, तशी मीही वाचले असते. तू दिलेला तुकडा मला कुणी पुन्हा दिला तर मी पुन्हा खाईन, पण आधी सुई घेईन. समजलं?"

"हो."

"मग उद्या क्लासला ये."

"उद्या नाही येता येणार," प्रांजली म्हणाली. "उद्या आजोबांची दुसरी सुई आहे. मला त्यांना घेऊन जायचंय, ते डरतात." मग तिने विचारलं, "बाई, तुमची झाली?"

"नाही अजून."

"क्यों?"

मी कपाटावरून पाहत होते, त्यांची मान खाली गेली होती. शेवटी म्हणाल्या, "एकटीने जावंसं वाटलं नाही गं."

"मग तिघं जाऊ," प्रांजली म्हणाली. "दहाला तयार राहा. आजोबा रिक्षा घेऊन येतील."

दुसऱ्या दिवशी बाई साडेनऊलाच चपला घालून जिन्यात उभ्या होत्या.

आता क्लास पुन्हा भरतो. बाईंचा ग अजून कधी कधी उतरतो, आणि प्रांजली तो उतरू देत नाही. माझ्यात मात्र बाईंनी पुन्हा ज्येष्ठमध भरला नाही. पोरांना त्या पुड्यातून वेगवेगळ्या काड्या देतात, तोडून कुणाला देत नाहीत. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. एवढी वर्षं हातोहाती फिरलेल्या डबीला कपाटावरची धूळ सोसवत नाही. पण ते बरोबरच आहे, हेही मला कळतं.

माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. शाळेत टोचायला येतील त्या दिवशी तुम्ही पतंग उडवायला पळणार नाही, हे मी धरूनच चालते. पण आज घरी गेल्यावर आजीला, आजोबांना, आईबाबांना विचारा, तुम्हाला शेवटची सुई कधी टोचली? त्यांना आठवलं नाही, तर त्यांचा हात धरून घेऊन जा. आणि तुमच्या गल्लीत, जिन्याच्या वरच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल, तर घरी जाण्याआधी दोन मिनिटं तो जिना चढा. त्यांना हे विचारणारं दुसरं कुणी नसतं.